भावना दुखावल्या म्हणजे गुन्हा झाला का? धर्म, बोलण्याचं स्वातंत्र्य आणि हेट स्पीचची भानगड

आपल्याकडे दर काही महिन्यांनी एक बातमी ठरलेली असते. कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपला स्टेटस ठेवलं, कुणीतरी स्क्रीनशॉट फिरवला, संध्याकाळपर्यंत पोलीस ठाण्यासमोर गर्दी, 'धार्मिक भावना दुखावल्याप्रकरणी गुन्हा दाखल' आणि दुसऱ्या दिवशी गाव बंद. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात अशा स्टेटसवरूनच सुरू झालेलं प्रकरण दगडफेक, लाठीमार आणि इंटरनेट बंद इथवर पोचलं होतं. दुसरीकडे त्याच काळात राज्यभर मोर्चे निघत होते, त्यात व्यासपीठावरून एका समाजाकडून काही विकत घेऊ नका, त्यांना जागा देऊ नका असली भाषणं होत होती, आणि त्यावर सुप्रीम कोर्टात केस चालू होती.

बातम्या वाचणाऱ्या माणसाला हे दोन्ही एकाच खात्यातलं वाटतं, धर्माबद्दल काहीतरी वाईट बोललं गेलं आणि वाद झाला, एवढंच. टीव्हीवरही तसंच दाखवतात. पण या दोन वेगळ्या भानगडी आहेत आणि त्यांची सरमिसळ केली की निरपराध माणूस आत जातो आणि खरा आग लावणारा पुढच्या सभेची तारीख जाहीर करतो. म्हणून जरा मुळापासून बघूया.

आमटी आणि नळ

समजा तुमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये एकजण उठून म्हणाला की तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंची आमटी म्हणजे नुसतं गरम पाणी. काकूंना वाईट वाटेल, काका चिडतील, कदाचित वर्षभर बोलणं बंद होईल. आता समजा दुसरा उठून म्हणाला की तिसऱ्या मजल्यावरचे लोक सगळे चोर आहेत, त्यांचा नळ तोडा, लिफ्ट वापरू देऊ नका, जातील आपोआप सोडून. पहिल्या माणसाने आमटीला नावं ठेवली. दुसऱ्याने माणसांना तिथे राहायचाच हक्क नाही असं सांगितलं, आणि बाकीच्यांना कामालाही लावलं.

धर्मावर टीका, टिंगल, अगदी कडवट टिंगल ही आमटीच्या जातीची गोष्ट आहे. धर्म म्हणजे विचार, कथा, ग्रंथ, रूढी, आणि त्यांना नावं ठेवता येतात. हेट स्पीच, म्हणजे द्वेष पसरवणारं भाषण, हे नळ तोडण्याच्या जातीचं आहे. त्याचा नेम धर्मावर नसतो, तो धर्म पाळणाऱ्या, किंवा नुसत्या त्या धर्मात जन्मलेल्या माणसांवर असतो. ती माणसं इतरांपेक्षा खालची आहेत, धोकादायक आहेत, त्यांना हाकला, मारा, वाळीत टाका, असं ते असतं.

लगेच कुणीतरी म्हणेल की एवढं सोपं नसतं, आमटीला नावं ठेवता ठेवता काकूंनाच हिणवलं जातं. बरोबर आहे, सीमेवरची प्रकरणं असतातच, त्यांच्याकडे पुढे येऊच. पण सीमा धूसर आहे म्हणून दोन बाजूच नाहीत असं होत नाही.

घटनेत काय लिहिलंय

घटनेच्या कलम १९(१)(अ) मध्ये बोलण्याचं आणि मत मांडण्याचं स्वातंत्र्य आहे. त्याच्याच खाली १९(२) मध्ये ते कशाकशासाठी आवळता येईल याची यादी आहे: देशाची सार्वभौमता व एकात्मता, राज्याची सुरक्षा, परदेशांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, कोर्टाचा अवमान, बदनामी आणि गुन्ह्याला चिथावणी. ही यादी बंद आहे, सरकारला मनाने त्यात नववं कारण घालता येत नाही.

आता यादी परत वाचा. त्यात 'धर्म' नाही, 'भावना' पण नाही. हे मी ज्यांना ज्यांना सांगितलंय त्यातल्या निम्म्या लोकांनी लगेच मोबाईल काढून तपासलंय. मग भावना दुखावल्याबद्दल शिक्षा कशी होते? तर 'सार्वजनिक सुव्यवस्था' या दरवाजातून. म्हणजे तुम्ही दुखावलात यासाठी नाही, तर त्यातून दंगाधोपा होऊ शकतो, यासाठी.

गंमत म्हणजे हा दरवाजा मूळ घटनेत नव्हताच. १९५० मध्ये मुंबईहून निघणाऱ्या 'क्रॉस रोड्स' या डाव्या साप्ताहिकाला मद्रास सरकारने आपल्या राज्यात बंदी घातली, संपादक रोमेश थापर सुप्रीम कोर्टात गेले आणि जिंकले. कोर्ट म्हणालं सार्वजनिक सुव्यवस्था हे कारण तुमच्या यादीत नाही. मग १९५१ मध्ये पहिली घटनादुरुस्ती झाली आणि ते कारण यादीत आलं, पण त्याबरोबर 'वाजवी' हा शब्दही आला, निर्बंध घाला पण वाजवी घाला. आजचे सगळे वाद या एका शब्दाच्या आतबाहेर चालतात.

लाहोरची एक केस आणि १९२७ साल

भावना दुखावण्याचं जे प्रसिद्ध कलम, आयपीसीचं, म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेचं २९५अ (आता भारतीय न्याय संहितेत कलम २९९), त्याचा जन्म लाहोरचा. १९२० च्या दशकात तिथे पैगंबरांच्या खासगी आयुष्यावर टवाळी करणारी एक पुस्तिका निघाली. प्रकाशक राजपाल यांच्यावर १५३अ खाली खटला झाला, हे दोन समाजांत शत्रुत्व पसरवण्याचं कलम. लाहोर हायकोर्टाचे न्यायमूर्ती दलीप सिंह यांनी १९२७ मध्ये त्यांना सोडलं. पुस्तिका त्यांना आवडली होती असं अजिबात नाही, पण त्यांचं म्हणणं असं की गेलेल्या धार्मिक नेत्यावर टीका आणि जिवंत समाजाविरुद्ध शत्रुत्व या दोन गोष्टी एक नाहीत, आणि हे कलम दुसऱ्या गोष्टीसाठी आहे. म्हणजे आपला आमटी आणि नळाचा फरक त्या माणसाने तेव्हाच केला होता.

त्यावर मोठं आंदोलन झालं आणि ब्रिटिश सरकारने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नवीन कलम आणलं: जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने एखाद्या वर्गाच्या धर्माचा किंवा धार्मिक श्रद्धांचा अपमान करून भावना दुखावणं हा गुन्हा. चर्चेत खुद्द जीनांनी बजावलं होतं की इतिहासाचं काम करणारे आणि प्रामाणिकपणे धर्माची चिकित्सा करणारे यांना संरक्षण राहिलं पाहिजे. कायद्याने कुणी शांत झालं का? १९२९ मध्ये राजपाल यांचा भरदिवसा खून झाला. मारेकऱ्याच्या अपिलात वकील म्हणून उभे राहिले ते जीनाच. इतिहास असा गुंतागुंतीचा असतो.

आणि कलम पास झाल्यावर तीनच महिन्यांनी, २५ डिसेंबर १९२७ ला, महाडमध्ये बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृती जाळली गेली. आता हे कलम हातात धरून त्या प्रसंगाकडे बघा. जाणूनबुजून होतं का? शंभर टक्के. भावना दुखावल्या का? प्रचंड. ज्या ग्रंथाला लाखो लोक पवित्र मानत होते तो चक्क पेटवला. तरी आज महाराष्ट्रात कुणी शुद्धीवरचा माणूस त्याला हेट स्पीच म्हणणार नाही, कारण त्या आगीचा रोख माणसांना माणूस न मानणाऱ्या नियमांवर होता. कुणाला गावाबाहेर काढा असं त्यात नव्हतं, उलट ज्यांना गावाबाहेर ठेवलं होतं ते आत येऊ बघत होते.

म्हणून माझा मुद्दा असा की भावना हे माप घेतलं तर पहिला बळी सुधारकाचा जातो. फुले, आगरकर, बाबासाहेब यांच्यातला एकही त्या मापात बसत नाही. १९८७ मध्ये महाराष्ट्र सरकारनेच बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचा चौथा खंड काढला, त्यात राम आणि कृष्ण यांच्यावरचं परिशिष्ट होतं, आणि राज्यात रान उठलं. एका बाजूने ते काढा म्हणून मोर्चे, दुसऱ्या बाजूने एक ओळ काढाल तर याद राखा म्हणून मोर्चे. शेवटी मजकूर राहिला आणि त्याखाली 'सरकार या मतांशी सहमत नाही' अशा अर्थाची तळटीप आली. मला तो तोडगा आजही शहाणपणाचा वाटतो. पुस्तक ठेवा, असहमती छापा, पुढे चला.

कोर्टाने कलमाला घातलेला लगाम

१९५७ मध्ये रामजीलाल मोदी या संपादकांची केस सुप्रीम कोर्टात आली, हे कलमच घटनाबाह्य आहे असं म्हणणं होतं. पाच न्यायाधीशांनी कलम राखलं, पण एक अट स्पष्ट केली. चुकून, बेफिकिरीने, दुष्ट हेतू नसताना झालेला अपमान यात येत नाही. मुद्दाम आणि दुष्टपणे केलेला, अपमानाचा तीव्र प्रकारच फक्त येतो.

याचं गमतीदार उदाहरण महेंद्रसिंग धोनीचं. एका बिझनेस मॅगझिनने त्याला मुखपृष्ठावर विष्णूच्या रूपात दाखवलं, अनेक हात आणि हातांत जाहिरातीतल्या वस्तू, त्यात एक बूटही. आंध्रात केस झाली. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती रद्द केली, दुष्ट हेतू कुठे दिसत नाही म्हणून. पण तोपर्यंत वर्षं गेली होती आणि धोनीला वकील परवडतात.

आता आपल्या नागपूरची गोष्ट, जी शाळेत शिकवायला हवी. १९४६ मध्ये नागपूर हायकोर्टात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांच्यापुढे भगवतीचरण शुक्ल यांची केस होती, एका लेखावरून. प्रश्न असा की लेखाचा परिणाम काय होईल हे ठरवायचं कुणाच्या नजरेने? बोस म्हणाले, विचारी, खंबीर, धीट माणसाच्या नजरेने. डळमळीत मनाच्या आणि प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणाऱ्या माणसाच्या नजरेने नाही. ही कसोटी इतकी टिकाऊ निघाली की फाळणीवरच्या एका टीव्ही मालिकेवर बंदी आणा म्हणून १९८८ मध्ये याचिका झाली तेव्हा सुप्रीम कोर्टाने तीच लावली. आणि मार्च २०२५ मध्ये खासदार इम्रान प्रतापगढी यांच्यावर एका कवितेच्या व्हिडीओवरून गुजरातेत गुन्हा दाखल झाला होता तो रद्द करताना न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्ज्वल भुयान यांनीही तीच लावली. जवळपास ऐंशी वर्षं झाली, नागपूरचं माप अजून चालतंय. पोलीस ठाण्यात मात्र ते पोचलेलं नाही, तिथे अजून जो सगळ्यात जोरात ओरडतो त्याच्याच नजरेने मोजमाप होतं.

मग हेट स्पीच ओळखायचं कसं

ऐकून धक्का बसेल पण आपल्या फौजदारी कायद्यात हेट स्पीचची व्याख्याच नाही. लॉ कमिशनने मार्च २०१७ मध्ये २६७ व्या अहवालात नवीन कलमं सुचवली, ती संसदेने घेतली नाहीत, आणि जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेतही जुनंच १५३अ नव्या १९६ नंबराने आलं. त्यामुळे कोर्टाच्या निकालांतून तुकडे गोळा करावे लागतात.

पहिला तुकडा २०१५ चा, श्रेया सिंघल केस, ज्यात आयटी अ‍ॅक्टचं ६६अ रद्द झालं. (पालघरच्या दोन मुलींना मुंबई बंदबद्दलच्या फेसबुक पोस्टवरून आणि ती लाईक केली म्हणून २०१२ मध्ये पकडलं होतं, ते हेच कलम.) कोर्टाने तीन पायऱ्या सांगितल्या: चर्चा, बाजू मांडणं आणि चिथावणी. पहिल्या दोन कितीही झोंबणाऱ्या असोत, त्यांना हात लावता येत नाही. तिसऱ्या पायरीवर कायदा सुरू होतो.

दुसरा तुकडा डिसेंबर २०२० चा, एका टीव्ही अँकरच्या केसमधला, अमीश देवगण निकाल. त्यात कोर्टाने म्हटलं की नुसते शब्द बघू नका. कोण बोललं, त्याचं लोकांवर वजन किती, कुणाबद्दल बोललं, कुठल्या वेळी, कुठल्या वातावरणात, काय घडण्याची शक्यता होती हे सगळं बघा. हे सगळ्यात कामाचं आहे. एकच वाक्य चहाच्या टपरीवर दोन रिकामटेकडे बोलले तर वाऱ्यावर जातं, तेच वाक्य आदल्या रात्री दगडफेक झालेल्या गावात आमदार माईकवरून बोलला तर दुसऱ्या दिवशी दुकानं जळतात. वजनदार माणसाला जास्त जबाबदारी, असं कोर्टाने सरळ म्हटलंय. आपल्याकडे व्यवहारात नेमकं उलटं होतं, टपरीवाला आत आणि आमदाराला बंदोबस्त.

हेट स्पीच नेहमी शिव्यांत असतं असंही नाही, हे लोकांच्या लक्षात येत नाही. रवांडामध्ये १९९४ च्या नरसंहाराच्या आधी आणि दरम्यान एक रेडिओ स्टेशन तुत्सी लोकांना झुरळं म्हणत होतं. मधे गाणी, विनोद, हलकंफुलकं बोलणं. झुरळ म्हटलं की पुढचं काम सोपं होतं, झुरळ मारताना कुणाला वाईट वाटत नाही. आपल्याकडे 'वाळवी' वगैरे शब्द भाषणात येतात तेव्हा मला तो रेडिओ आठवतो. बहिष्काराची हाक पण त्यातलीच. 'मारा' असं कुणीच म्हटलेलं नसतं, फक्त 'यांच्याकडून भाजी घेऊ नका', पण गाडीवर भाजी विकणाऱ्याचं पोट त्यावरच आहे, आणि त्याने केलेलं काय तर त्या घरात जन्म घेतला.

"त्यांच्यावर का नाही होत कारवाई?"

हा प्रश्न प्रत्येक बाजूचा माणूस विचारतो आणि प्रत्येकाला वाटतं तो फक्त आपलाच आहे. याचं एक उत्तर कायद्याच्या रचनेतच आहे. १५३अ किंवा २९५अ खाली गुन्हा पोलीस नोंदवू शकतात, पण कोर्टाने खटला चालवायला घ्यायचा तर आधी सरकारची मंजुरी लागते. म्हणजे कुणाचा खटला पुढे सरकणार हे शेवटी मंत्रालयातल्या फाईलवर ठरतं. सरकार ज्याचं, त्याच्या माणसांच्या फाईली धूळ खातात. हे एका पक्षाचं दुखणं नाही, पक्ष बदलले तरी फाईल तशीच.

१९९२-९३ च्या मुंबई दंगलीच्या काळातल्या 'सामना'च्या अग्रलेखांवर कारवाई करा म्हणून राज्याचे माजी मुख्य सचिव जे. बी. डिसूझा हायकोर्टात गेले होते. तेव्हा सरकार काँग्रेसचं होतं बरं का. १९९४ मध्ये याचिका फेटाळली गेली. कोर्टाचं म्हणणं, लेख सबंध वाचले तर टीका सगळ्या मुस्लिम समाजावर नाही, राष्ट्रविरोधी वागणाऱ्यांवर आहे. मला हा निकाल पटत नाही. तणावाच्या शहरात वाचणारा माणूस असा बारकावा काढत बसत नाही. पण निकाल निकाल असतो.

याच्या उलट निवडणुकीच्या कायद्यात काय झालं बघा. विलेपार्ल्याच्या १९८७ च्या पोटनिवडणुकीत डॉ. रमेश प्रभू निवडून आले. प्रचारात बाळासाहेब ठाकरे यांची भाषणं झाली होती, धर्माच्या नावावर मतं मागणारी. हायकोर्टाने निवडणूक रद्द केली, डिसेंबर १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते कायम केलं आणि पुढे बाळासाहेबांचा मतदानाचा हक्क सहा वर्षांसाठी गेला. इथे सरकारच्या मंजुरीचा खेळच नव्हता, हरलेला उमेदवार थेट कोर्टात जाऊ शकत होता, म्हणून केस शेवटपर्यंत गेली. देश तोच, कोर्टं तीच, फरक फक्त चावी कुणाच्या हातात याचा.

ऑक्टोबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने दिल्ली, उत्तर प्रदेश आणि उत्तराखंडच्या पोलिसांना सांगितलं की हेट स्पीच झालं तर तक्रारीची वाट बघू नका, स्वतः गुन्हा नोंदवा, बोलणाऱ्याचा धर्म बघू नका, आणि एप्रिल २०२३ मध्ये हा आदेश सगळ्या राज्यांना लागू केला. मोर्च्यांच्या भाषणांचं शूटिंग करा असंही सांगून झालं. अंमलबजावणी कशी आहे हे आपण सगळे रोज मोबाईलवर बघतोच, वेगळं सांगायला नको.

"पण भावना खरंच दुखावतात, त्याचं काय?"

दुखावतात. ज्या विठ्ठलासाठी आजी दरवर्षी पायी जाते त्याच्यावर कुणी घाणेरडा विनोद केला तर पोटात कालवतं, हे नाटक नाही. मुसलमान शेजाऱ्याचं पैगंबरांबद्दल तसंच. 'एवढं काय मनाला लावून घ्यायचं' असं म्हणणारा माणूस सहसा स्वतःच्या आवडत्या नेत्यावर विनोद झाला की तसाच पेटतो.

पण दुखणं खरं आहे यावरून पोलीस बोलवावेत असं निघत नाही. एक तर भावनेला मोजपट्टी नाही. जो जास्त चिडेल त्याला जास्त संरक्षण असं झालं की चिडण्याची स्पर्धा लागते, शांत राहणारा समाज मूर्ख ठरतो. १९८९ च्या रंगराजन निकालात सुप्रीम कोर्टाने यावर बोट ठेवलं होतं: लोक गोंधळ घालतील अशी धमकी आली म्हणून सरकारने बोलणाऱ्याचं तोंड बंद करायचं नाही, गोंधळ आवरणं हे सरकारचं काम आहे. धोका असा हवा की दारूगोळ्याच्या कोठारात ठिणगी पडावी, इतका जवळचा.

दुसरं म्हणजे या कलमांत शिक्षा शेवटी होते किती जणांना ते सोडा, मधली वर्षं हीच शिक्षा असते. पंढरपुरात जन्मलेले एम. एफ. हुसेन घ्या. देवीदेवतांच्या चित्रांवरून देशभर केसेस, शेवटी २००६ मध्ये नव्वदीच्या म्हाताऱ्याने देश सोडला. २००८ मध्ये दिल्ली हायकोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, तरी ते परतले नाहीत, कतारचं नागरिकत्व घेतलं आणि २०११ मध्ये लंडनला वारले. किंवा २०१५ मध्ये मुंबईतल्या एका उर्दू दैनिकाच्या संपादक बाई, पॅरिसच्या 'शार्ली एब्दो' या व्यंग्य साप्ताहिकावरच्या हल्ल्याच्या बातमीबरोबर त्याचं पैगंबरांचं व्यंगचित्र असलेलं मुखपृष्ठ छापलं, माफीही मागितली, तरी अटक, एकापेक्षा जास्त ठिकाणी गुन्हे, पेपरची आवृत्ती बंद. म्हणजे अमुक धर्माला वेगळी वागणूक मिळते वगैरे जे आपण म्हणतो ते इथे फारसं टिकत नाही. चित्रकार मुसलमान होता, संपादक बाईही मुसलमान, आणि दुखावलेले एकदा हिंदू, एकदा मुसलमान.

आणि हे कलम वाढत गेलं की कुठे जातं हे बघायला फार लांब जावं लागत नाही. फाळणीनंतर तेच २९५अ पाकिस्तानच्या वाट्यालाही आलं. झिया उल हक यांच्या काळात त्याला पुढची अक्षरं जोडली गेली, कुराणाच्या अवमानाला जन्मठेप, पैगंबरांच्या अवमानाला मृत्युदंड. जानेवारी २०११ मध्ये पंजाबचे राज्यपाल सलमान तासीर या कायद्यावर टीका करत होते म्हणून त्यांच्याच अंगरक्षकाने त्यांना गोळ्या घातल्या. तिथे कायदा कडक केल्याने भावना शांत झाल्या नाहीत, जास्त हुळहुळ्या झाल्या. आपल्याकडे अधूनमधून 'ईशनिंदेचा कडक कायदा आणा' अशी मागणी वेगवेगळ्या धर्मांच्या लोकांकडून होते, त्यांनी हा धडा वाचावा.

"मग सगळंच मोकळं सोडायचं? अमेरिकेसारखं?"

अमेरिकेत १९६९ च्या ब्रँडनबर्ग निकालापासून नियम असा की लगेच, त्याच क्षणी बेकायदा कृत्य घडवायची चिथावणी असेल आणि ते घडण्याची शक्यताही असेल तरच सरकारला हात घालता येतो. त्यामुळे तिथे अत्यंत विषारी बोलणंही चालतं. मला हे आपल्याकडे चालेल असं वाटत नाही, कारण आपल्याकडे भाषण आणि जमाव यांच्यात अंतर फार कमी आहे, आणि पोलीस दोन्हीच्या मधे उभे राहतीलच याची खात्री नाही.

ब्रिटनचं मॉडेल मला जास्त जवळचं वाटतं. त्यांनी २००६ मध्ये धार्मिक द्वेषाविरुद्ध कायदा केला, त्यात शब्द धमकीवजा हवेत आणि द्वेष पेटवण्याचा हेतू हवा. आणि कायद्यातच लिहून टाकलं की धर्मावरची टीका, नापसंती, टिंगल, अपमान याला हा कायदा लागणार नाही. मग २००८ मध्ये इंग्लंड आणि वेल्समधला ईशनिंदेचा जुना गुन्हाच काढून टाकला. म्हणजे माणसांना संरक्षण वाढवलं आणि देवाला दिलेलं पोलीस संरक्षण काढून घेतलं. तिथे सगळं आलबेल आहे असं नाही, पण निदान कायद्याला माहीत आहे की तो कुणाला वाचवतोय. आपल्याकडे २९९ काढून किंवा अगदी बारीक करून १९६ ची नीट व्याख्या करणं आणि सरकारी मंजुरीची चावी एखाद्या स्वतंत्र यंत्रणेकडे देणं, असं काहीतरी करावं लागेल. कोणता पक्ष करेल? मला तरी दिसत नाही, कारण हे शस्त्र सत्तेत आल्यावर सगळ्यांनाच हवं असतं.

स्टेटस ठेवणाऱ्यांसाठी कामाच्या चार गोष्टी

पहिली गोष्ट, कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका कॉलेजातल्या प्राध्यापकाने व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसमध्ये ३७० कलम हटवल्याचा दिवस काळा दिवस म्हटला आणि १४ ऑगस्टला पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा दिल्या. १५३अ लागलं. मुंबई हायकोर्टाने गुन्हा रद्द करायला नकार दिला, मार्च २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने रद्द केला आणि म्हटलं की सरकारच्या निर्णयावर टीका करणं हा हक्क आहे, शेजारी देशाला शुभेच्छा देण्यात शत्रुत्व नाही, आणि पोलिसांनाच बोलण्याच्या स्वातंत्र्याबद्दल शिकवायची वेळ आलीय. त्या निकालातही नागपूरचे बोस आहेतच.

दुसरं, नव्या फौजदारी प्रक्रियेत, म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेत, कलम १७३(३) आहे. तीन वर्षांपासून सात वर्षांच्या आतली शिक्षा असलेल्या गुन्ह्यात डीवायएसपीच्या परवानगीने पोलीस आधी चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करू शकतात. १९६ आणि २९९ दोन्ही साधारण यात बसतात. प्रतापगढींच्या निकालात कोर्टाने म्हटलं की बोलण्या-लिहिण्यावरून तक्रार आली तर सहसा ही चौकशी आधी करावी. वकिलाला हे कलम आठवत नसेल तर तुम्ही आठवण करून द्या.

तिसरं, ग्रुप अ‍ॅडमिनची भीती. मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये गोंदियाच्या एका केसमध्ये सांगितलं की सदस्याने काहीतरी टाकलं म्हणून अ‍ॅडमिन आपोआप गुन्हेगार होत नाही, आधीपासून संगनमत असेल तर गोष्ट वेगळी. त्यामुळे 'अ‍ॅडमिनला आत टाकतील' म्हणून रात्री दोनला ग्रुप फक्त अ‍ॅडमिनसाठी खुला करायची गरज नाही, अर्थात काकांचे गुड मॉर्निंग बंद करायचे असतील तर करा.

चौथी गोष्ट फॉरवर्ड करणाऱ्यांना. 'मी लिहिलं नाही, आलं ते पुढे ढकललं' हा बचाव कायद्यात कुठे लिहिलेला नाही. १९६ मध्ये इलेक्ट्रॉनिक माध्यमाचा उल्लेख आता स्पष्ट आहे. धर्मग्रंथातल्या एखाद्या गोष्टीवर तुमचं कितीही कडक मत असो, ते स्वतःच्या नावाने लिहा, त्याची बाजू मांडता येते. पण अमुक लोकांच्या दुकानांच्या पत्त्यांची यादी 'सगळ्यांना पाठवा' म्हणून आली असेल तर ती पाठवताना तुम्ही कुठल्याही मताचं स्वातंत्र्य वापरत नसता, तुम्ही पत्ते वाटत असता.